लाकडाचे खवय्ये

बेंगळुरूत भाड्याचं घर बघायला निघालेला माणूस काय काय विचारतो! पाणी कावेरीचं की बोअरवेलचं? अ‍ॅडव्हान्स दहा महिन्यांचा, की सहांवर भागेल? घरात मासे तळले तर चालतील का? मेट्रोचं स्टेशन किती लांब? घरमालक ‘पाच मिनिटं’ म्हणतो आणि आपण मनातल्या मनात पंधरा धरतो. एवढ्या चौकशा होतात, पण या घरात आपल्या आधीपासून कोण जेवतंय, हे कुणी विचारत नाही.

त्याचं उत्तर एप्रिल-मेमध्ये आपोआप मिळतं. दुपारी वळीव कोसळतो, संध्याकाळी दिवा लावला की त्याच्याभोवती पंखवाल्या किड्यांचं वादळ उठतं. शहाणी माणसं दिवे मालवून अंधारात बसतात. सकाळी फरशीवर नुसते पंख. केरसुणी फिरवावी तर पुढे उडतात, ओलं फडकं मारावं तर चिकटून बसतात. पंखांचे मालक रात्रीच पंख टाकून जोडीजोडीने चालत गेलेले असतात, एखादी फट, एखादी ओली माती शोधत. मुंगीला पंख फुटले की तिचे दिवस भरले असं आपण म्हणतो. ही मुंगी नव्हे, वाळवी. हिचा संसार पंख गळल्यावर सुरू होतो. कर्नाटकातल्या खेड्यांत या पंखवाल्यांना ‘ईसलु’ म्हणतात, उजेडाला भुलवून पकडतात आणि भाजून खातात. मी खाल्लेले नाहीत. पण लाकूड खाणाऱ्यालाही कुणीतरी खातं, हे कळून बरं वाटलं.

आम्ही राहतो ते घर मल्लेश्वरममधलं. 1898च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेसाठी ज्या दोन वस्त्या वसल्या त्यांतली ही एक, दुसरी बसवनगुडी. इथल्या जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार टोपी असते, तिला ‘मंकी टॉप’ म्हणतात. आमच्या घराला ती पूर्ण होती, आता अर्धी आहे. बाकीची अर्धी पाऊस, बुरशी आणि भुंगेरे यांनी मिळून संपवली. कुणी किती खाल्लं याचा हिशेब लागत नाही.

घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. सगळी गल्ली त्यांना अज्जी म्हणते, म्हणून आम्हीही. एका पावसाळ्यात दाराच्या चौकटीवर मातीची बारीक नळी चढताना दिसली. चौकटीवर बोट वाजवलं तर रंगाखालून पोकळ आवाज आला. बायकोने अज्जींना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, ‘गेद्दलु’ असा एका शब्दात निकाल दिला आणि वर या शहराचं ब्रीदवाक्य ऐकवलं, ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.’ म्हणजे थोडं सांभाळून घ्या. वाळवीने काय सांभाळून घ्यायचं ते मात्र सांगितलं नाही.

मग सुतार आला. जोधपूरकडचा. त्याने पटाशीचं टोक चौकटीत खुपसलं, ते आत गेलं ते गेलंच. ‘साब, पूरी निकालो, डब्ल्यूपीसी लगाओ,’ तो म्हणाला. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेली फळी. तिला कीड लागत नाही, ती पाण्याने फुगत नाही, तिच्यावर ब्रशने सागवानाच्या रेघाही ओढून मिळतात. त्याच्या पाठोपाठ पेस्ट कंट्रोलवाला आला. त्याच्या मते चौकट काढायची गरज नाही, भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडलं की झालं. पाच वर्षांची गॅरंटी. ‘घर स्वतःचं का, सार?’ त्याने विचारलं. भाड्याचं म्हटल्यावर वही मिटत म्हणाला, ‘मग दोन वर्षांचं पुरे.’ या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे.

खरा फटका माळ्यावर होता. तिथल्या खोक्यात जुने दिवाळी अंक, पगाराच्या चिठ्ठ्या आणि कचेरीचे कागद मी फोल्डरांत घालून नीट लावून ठेवले होते. उघडलं तर प्लास्टिकची फोल्डरं जशीच्या तशी आणि आत माती. नोकरीची वर्षंच्या वर्षं गेली, स्टेपलरच्या पिना तेवढ्या राहिल्या. दिवाळी अंकांचंही तसंच. कथा, कविता, वार्षिक राशिभविष्य, सगळं एकाच चवीने खाल्लेलं. इतका भेदभाव न करणारा वाचक संपादकांना मिळणं कठीण.

पण संपादक मंडळी वाळवीवर नाराजच असतात. अग्रलेखात तिची हजेरी ठरलेली: भ्रष्टाचाराची वाळवी, व्यवस्थेला लागलेली वाळवी. तिच्या बाजूने एवढंच सांगता येईल की तिच्या वारुळात मिळालेला घास तोंडातून तोंडात देत शेवटच्या जिवापर्यंत पोचवला जातो. कामकरी राणीला भरवतात, शिपायांना भरवतात, पिल्लांना भरवतात. खाल्लेलं वरपर्यंत पोचवायचं, ही पद्धत मात्र दोन्हीकडे सारखीच निघाली.

वाळवीच्या कुळाचा एक किस्सा मला फार आवडतो. शंभरेक वर्षं शास्त्रज्ञ तिला कीटकांच्या जगात स्वतंत्र घराणं म्हणून वागवत होते. 2007 साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या संशोधकांनी जनुकं ताडून दाखवलं की वेगळं घराणं वगैरे काही नाही, वाळवी ही झुरळांच्याच कुळातली एक शाखा आहे. तिचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे अमेरिकेतल्या आणि पूर्व आशियातल्या जंगलांत कुजक्या ओंडक्यात राहणारं एक झुरळ. तेही लाकूड खातं आणि पिल्लांना जवळ ठेवून वाढवतं. म्हणजे मोरीतल्या ज्या झुरळावर आपण चप्पल उगारतो, त्याचेच चुलतभाऊ पुढे शहरं वसवून, राणी नेमून, बिनचूक कारभार करते झाले. घराणं एकच असलं तरी माणसं किती वेगळी निघतात, हे आपण आपल्याकडच्या लग्नांतही पाहतो.

लाकूड खाणं हे सोपं काम नाही. लाकडात साखरच असते, पण ती सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्यांत अशी जखडलेली, की आपण अख्खे पाट-चौरंग चावून गिळले तरी उपाशीच राहू. वाळवीलाही एकटीला ते जमत नाही. पुष्कळ जातींच्या वाळव्या पोटात सूक्ष्मजीव बाळगतात आणि पचनाचं काम त्यांच्यावर सोपवतात. बेंगळुरूत वारुळं उभारणारी, ओडोंटोटर्मिस नावाची वाळवी मात्र त्याहून पुढे गेली. ती शेती करते. चावलेलं लाकूड आणि पालापाचोळा पोटातून जेमतेम फिरवून वारुळातल्या दालनांत त्याचे वाफे घालते, त्यांवर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते. बुरशी त्या लाकडाला मऊ करते आणि मग ही मंडळी जेवायला बसतात. अशी शेती करणाऱ्या वाळव्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत निपजल्या. माणसाच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षं झाली. शेतीत तण येतं तसं त्यांच्या वाफ्यांतही नको असलेली बुरशी उगवते, आणि ती ओळखून दाबून टाकायचं काम त्यांना रोजचंच असतं.

तणाचा हा शोध कुठल्या दूरदेशी लागलेला नाही. मल्लेश्वरमला लागूनच भारतीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाळव्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. तण ओळखण्याचा, आणि वारुळाच्या बांधकामाचासुद्धा. बांधकामासाठी त्यांनी स्थापत्य विभागातले तेजस मूर्ती यांना बरोबर घेतलं, हे मला विशेष वाटतं. वाळवी मातीची गोळी करते, त्यात लाळ मिसळते, आणि गोळीवर गोळी रचत जाते. माती फार कोरडी असली तर चालत नाही, फार ओली असली तरी चालत नाही. अशा रचलेल्या मातीची ताकद साध्या मातीच्या कित्येक पट भरते आणि वारूळ पावसाळ्यामागून पावसाळे उभं राहतं. आमच्या मागच्या गल्लीत नवी इमारत उभी राहतेय. तिथल्या ठेकेदाराला हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि गंमत अशी, की या शेतीचा नफा आपल्याला मिळतो. पाऊस पडला की वारुळातली बुरशी छत्र्या बाहेर काढते. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि त्यावरच्या अळंब्यांना रोयणीची अळमी. पावसाळ्यात बायका रस्त्याच्या कडेला पानांत बांधून विकायला बसतात आणि भाव असा सांगतात की शाकाहारी माणसाला मासळी स्वस्त वाटावी. विदर्भात याच घराण्यातल्या अळंब्यांना सात्या म्हणतात. श्रावण पाळणारी मंडळी त्या आवडीने खातात. त्यांच्या ताटात आलेला पदार्थ वाळवीच्या शेतातला आहे, हे जेवताना सांगू नये, नंतर सांगावं.

बेंगळुरूच्या रस्त्यांवर अजून अधूनमधून वारूळ दिसतं. त्याला ‘हुत्त’ म्हणतात. हळदकुंकू वाहिलेलं, शेजारी नागाचे कोरीव दगड, नागपंचमीला दुधाचा अभिषेक. आपल्याकडे बायका वारुळाला जातात तसंच. वारूळ बांधलं वाळवीने, नंतर राहायला आला नाग, दूध त्यालाच. आणि त्याच वारुळातली वाळवी कुंपण ओलांडून पलीकडच्या दाराच्या चौकटीपर्यंत गेली की तिला क्लोरपायरिफॉस. तिच्या बाजूने पाहिलं तर हा कायदा समजायला अवघडच आहे. जगात वाळवीच्या सुमारे तीन हजार जाती आहेत आणि माणसाच्या घरादाराला उपद्रव देणाऱ्या त्यातल्या अगदी थोड्या. बाकीच्यांनी आपलं कधी काही बिघडवलेलं नाही.

वाळवीचा एवढा बोलबाला झाला की भुंगेऱ्यांवर अन्याय होतो. आमच्याकडे एक बांबूचं शेल्फ होतं. रात्री सगळं शांत झालं की त्यातून करकर ऐकू यायची आणि सकाळी खाली मैद्यासारखं पीठ पडलेलं असायचं. बायकोला ते फार दिवस माझ्या बिस्किटांचं वाटे. बांबूत किंवा पांढऱ्या मऊ लाकडात असतो तो स्टार्च, आणि या किड्यांना हवा असतो तोच. काही जातींतली मादी तर अंडी घालण्याआधी लाकडाला चावा घेऊन स्टार्च आहे की नाही ते तपासते. सुनेला स्वयंपाक येतो का हे बघायला येणाऱ्या बायकांइतकीच ती चोखंदळ. आपले जुने लोक बांबू अंधाऱ्या पक्षात तोडत आणि ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवत. चंद्राचा भाग किती खरा त्यावर वाद आहेत, पण पाण्यात स्टार्च निघून जातो आणि किडा निराश होतो, हे पक्कं. आमचं शेल्फ कुणी बुडवलेलं नव्हतं. ते ऑनलाइन आलं होतं.

लाकूड कोरणाऱ्या किड्याला संस्कृतात घुण म्हणतात. त्याने लाकडात कोरलेल्या वाटा कधी योगायोगाने अक्षरासारख्या दिसतात, त्यावरून शास्त्रकारांनी ‘घुणाक्षरन्याय’ काढला. चुकून साधलेल्या गोष्टीला हा न्याय लावतात. मराठीत आता तो कुणी वापरत नाही, पण आमच्या काही नेत्यांची भाषणं ऐकताना मला तो हमखास आठवतो. आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड कोकणात घराघरात ठाऊक आहे. तो आंबा जिवंत असतानाच खातो, म्हणून त्याला मी या पंक्तीत बसवायला राजी नाही. काळा भुंगाही या पंक्तीतला नव्हे. तो लाकडाला गोल भोक पाडतो, पण लाकूड खात नाही, घर करतो आणि भूक लागली की फुलांकडे जातो. ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात अर्जुनाची अवस्था सांगताना याच भुंग्याचा दाखला दिला आहे: कोरडं लाकूड भेदणारा हा गडी कोवळ्या कळीत अडकून पडतो.

सकाळी कॉफी घेताना तरी हा विषय नको, असं घरात ठरलं होतं. ते टिकलं नाही, कारण कॉफीतही एक लाकूडखाऊ आहे. बेंगळुरूच्या फिल्टर कॉफीतला अरेबिकाचा दाणा येतो तो चिकमगळूर आणि कोडगूच्या डोंगरांतून. तिथल्या मळेवाल्याची झोप उडवणारा किडा म्हणजे पांढरा खोडकिडा. एक सडपातळ, पांढऱ्या पट्ट्यांचा भुंगेरा खोडाच्या सालीच्या फटीत अंडी घालतो आणि त्याची अळी महिनोन्महिने आतलं लाकूड खात राहते. झाड पिवळं पडेपर्यंत कळत नाही. 1869 साली जॉर्ज बिडी नावाच्या मद्रासच्या अधिकाऱ्याने या किड्याच्या उच्छादावर अख्खा अहवाल लिहिला होता. त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. कॉफी बोर्डाची मुख्य कचेरी बेंगळुरूत, संशोधन केंद्र बाळेहोन्नूरला, आणि किडा अजून मळ्यात. त्याच्यावरचा खात्रीचा उपाय आजही सावलीचाच. या भुंगेऱ्याला उन्हात तापलेलं खोड आवडतं, म्हणून कॉफीवर मोठ्या झाडांची छाया नीट राखावी लागते. शिवाय मजूर खोडाची सैल साल घासून काढतात, म्हणजे अंडी घालायला फट राहत नाही. रोबस्टाला मात्र तो तोंड लावत नाही. बेंगळुरूतले जाणकार कॉफीवालेही रोबस्टाबद्दल तसंच बोलतात.

आता समुद्र. बेंगळुरूत तो नाही, ही मुंबईकरांची जुनी तक्रार आहे. पण समुद्रातल्या एका लाकूडखाऊचं या शहरावर मोठं ऋण आहे. टेरेडो नावाचा एक प्राणी जहाजांचं लाकूड पोखरतो. नाव ‘जहाजकिडा’, पण हा किडा नाही, शिंपल्यांच्या जातीतला. शरीर किड्यासारखं लांब आणि डोक्यावर शिंपल्याच्या दोन छोट्या, करवतीसारख्या झडपा. त्याने कोलंबसाची चौथी सफर अशी संपवली की 1503 साली जहाजं चाळण होऊन त्याला जमैकाच्या किनाऱ्यावर लावावी लागली आणि पुढे वर्षभर तो तिथेच अडकून पडला. आता दुसरी बाजू. मार्क ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने, असं सांगतात, की गोदीत या प्राण्याची करामत निरखून पाहिली: हा पुढे कुरतडतो, डोक्यावरच्या कवचाने स्वतःला राखतो आणि मागे बोगद्याला चुन्याचं अस्तर लावत येतो. 1818 साली ब्रुनेलने त्याच युक्तीचं बोगदा-ढालीचं पेटंट घेतलं, तिने लंडनच्या थेम्स नदीखालून बोगदा काढला आणि तो 1843 साली खुला झाला.

बेंगळुरूच्या मेट्रोसाठी जमिनीखाली फिरलेली अवाढव्य यंत्रं याच वंशातली. पुढे चक्राने माती-खडक खायचा, कवचाच्या आडोशाला माणसं ठेवायची, मागे सिमेंटच्या कड्यांचं अस्तर. त्यांतलं ‘ऊर्जा’ नावाचं यंत्र कंटोन्मेंटहून निघून 2021च्या सप्टेंबरात शिवाजीनगरला बाहेर आलं, तेव्हा मुख्यमंत्री हजर होते, फोटो निघाले. टेरेडोचा उल्लेख कुणाच्या भाषणात झाल्याचं मी वाचलं नाही. जहाजं बुडवणाऱ्या शिंपल्याकडून जमिनीखाली रेल्वे चालवायला शिकावं, हे सुचायला मोठं मन लागतं.

या सगळ्या खवय्यांचा दप्तरी हिशेब ठेवणारी सरकारी कचेरीही आमच्या मल्लेश्वरममध्येच आहे. अठराव्या क्रॉसवरची काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था. 1938 साली इथे वनसंशोधनाची प्रयोगशाळा निघाली, 1988 पासून ती या नावाने चालते. कुठलं लाकूड किती टिकतं, कोण खातं, कशाने वाचतं, हे तिथे तपासतात. समुद्री किड्यांसाठी विशाखापट्टणमला तिचं वेगळं केंद्र होतं. लाकूड किती टिकतं हे बघायची जगभरातली जुनी रीत अशी, की खुंट्या अर्ध्या जमिनीत पुरायच्या, वर्षानुवर्षं वाट बघायची, मधूनमधून उपटून कोणी किती खाल्लं ते मोजायचं. खुंट्यांच्या त्या ओळी पाहून शास्त्रज्ञांनी त्या जागेला दफनभूमी असं नाव दिलं आहे. शास्त्रज्ञांना विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

लाकूड वाचवायची जगातली एक फार मोठी युक्ती भारतात निघाली, हे थोड्यांना माहीत असतं. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी 1933 साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात मुरवून बघितलं. पुढे जगभरचे विजेचे खांब, बागांतली बाकं या मिश्रणावर उभी राहिली. आर्सेनिक किड्याला मारतं ते माणसालाही सोडत नाही, हे पटायला वेळ लागला. अमेरिकेत 2003च्या अखेरीला घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं थांबलं.

सागाला असल्या औषधाची गरज नाही. त्याच्या गाभ्यातच टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, ती वाळवीला मानवत नाहीत. मुंबईत वाडियांच्या गोदीत 1817 साली सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगतंय. बेंगळुरूत सागाची ताकद बघायची तर किल्ल्याजवळ टिपू सुलतानाच्या उन्हाळी महालात जावं. हैदर अलीने 1781 साली काम काढलं, टिपूने 1791 साली पुरं केलं. सागाचे खांब, कमानी, सज्जे, सगळं उभं. खांबांच्या पायाशी बघा, दगड दिसेल. आपल्या वाड्यांत त्याला तळखडा म्हणतात. खांब मातीला टेकू द्यायचा नाही, हे पुण्याच्या सुताराला माहीत होतं तसं इथल्यालाही. पुण्याचा शनिवारवाडा वाळवीच्या हाती लागलाच नाही, 1828च्या आगीने त्याचं लाकूड आधीच नेलं. आणि त्याहून जुना आपला माणूस म्हणजे शहाजीराजे. बेंगळुरूची जहागीर सांभाळत ते इथे राहिले. त्यांच्या काळातला एकही खांब मला कुणी दाखवू शकलेलं नाही. कुणी खाल्ला असेल, कोण जाणे.

चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांची युक्ती त्याहून सुरेख आहे. मऊ पांढरं लाकूड चरकावर फिरवायचं आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चकाकती साल चढते. लाख म्हणजे किड्याचाच स्राव. लाकडाचा एका किड्यापासून बचाव करायला दुसऱ्या किड्याला कामाला लावलं, यात माणसाची हुशारी पुरेपूर आली.

बुरशीचं मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशी भांडायला माझ्याकडे मुद्दा नाही. रस्त्यावरच्या गुलमोहराच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला तपकिरी, कडक अर्धछत्री फुटलेली दिसली की समजावं, आतलं लाकूड कुणीतरी खातंय. त्या झाडाची मुळं आपणच गटारासाठी तोडलेली असतात आणि खोडाभोवती सिमेंट ओतलेलं असतं. बुरशी जखमेतून आत येते. मग पावसात झाड गाडीवर पडतं आणि आपण झाडाला दोष देतो. रामोहळ्ळीजवळच्या ‘दोड्ड आलद मर’ या मोठ्या वडाचं मूळ खोड रोगाने केव्हाच गेलं. पारंब्या खाली टेकून त्यांचीच खोडं झाली, तीन एकरांवर झाड पसरलेलं आहे आणि शाळेच्या सहली येऊन त्याखाली डबे खातात.

आता आमच्या गल्लीच्या टोकाशी या. तिथे कचऱ्याची अघोषित जागा आहे, बेंगळुरूत दर गल्लीला असते. भाडेकरू घर बदलतात तेव्हा तिथे त्यांचं फर्निचर येऊन पडतं. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांची कपाटं, त्यावर चिकटवलेलं लॅमिनेट, सोफ्याचा फोम, गादीचं रेक्झिन, डब्ल्यूपीसीच्या पट्ट्या. पाऊस येतो, भुसा फुगतो, वितळतो आणि जे काही खाण्यासारखं होतं ते वाळवी आणि बुरशी काही महिन्यांत उचलून नेते. सागवानाच्या रेघा छापलेलं प्लास्टिक तिथेच राहतं. त्याला गाय हुंगून सोडते, भंगारवाला उलटून बघत नाही. तिथून जाताना माझ्या फोल्डरांची आठवण येते. लालबागेत तमिळनाडूतल्या तिरुवक्करैहून आणलेलं एक दगड झालेलं झाड आहे, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचं. गाळात गाडलं गेलं, खवय्यांच्या हाती लागलं नाही, म्हणून दगड होऊन राहिलं. ते एक आहे म्हणून संग्रहात शोभतं. मेलेलं प्रत्येक झाड असंच राहिलं असतं तर लालबाग कुठे लावली असती?

ज्याला कुणी खात नाही असं सामान करण्यात आपण पटाईत झालो आहोत. त्या सामानाचं करायचं काय, याचं उत्तर सुताराकडे नाही, पेस्ट कंट्रोलवाल्याकडे नाही आणि पालिकेच्या गाडीवरच्या माणसाकडेही नाही. मी विचारून पाहिलं, तो गाडी सुरू करून निघून गेला.

तेव्हा एक विनंती. वाऱ्यापावसात तुमच्या सोसायटीच्या आवारात एखादं झाड किंवा मोठी फांदी पडली तर माळ्याला सांगून सगळीच उचलायला लावू नका. एक ओंडका मागच्या कोपऱ्यात, मातीवर, सावलीत पडू द्या. त्यावर फवारणी नको, रंग नको, ‘स्वच्छता राखा’ची पाटी नको. कमिटीत कुणी हरकत घेतली तर बेंगळुरूत काय म्हणायचं ते तुम्हाला आता माहीत आहे. फक्त ओंडका इमारतीपासून जरा लांब ठेवा.